हेडबाईंची मान

लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना कात्रीकाकांनी घोटा खाजवला नसता, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण खाज काही विचारून येत नाही. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, शेजारी काकू बसलेल्या, आणि पडद्यावर नातू. म्हणजे नातवाचं कपाळ आणि एक कान, पण काकांना तेवढंही पुरे होतं. बाळ झालं तेव्हा काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग बाळाला सर्दी झाली, मग जावयाला रजा मिळेना, असं करत करत पोरगं रांगायला लागलं तरी आजोबांनी त्याला अजून हातात घेतलेलं नव्हतं. आता येत्या रविवारी दुपारी लेक त्याला घेऊन येणार होती. काका ते ऐकून खुशीत आले, पाय खुर्चीवर घेतला आणि घोटा कराकरा खाजवला.

"बाबा, पायाला काय झालंय तुमच्या?"

काका सरळ माणूस. त्यांनी पाय उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. लेकीने नीट बघितलं आणि घोट्याभोवतीचे ते लाल ठिपके पिसवांचे आहेत असा निकाल दिला. काकू म्हणाल्या, डास असतील. लेक म्हणाली, डास असे ओळीने चावत नाहीत. ती हे अगदी शांतपणे बोलत होती, आणि ती शांतपणे बोलायला लागली की आईबाप सावरून बसत. बाळाच्या अंगावर आधीच पुरळ उठत होतं, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. तेव्हा रविवारच्या आत मांजराला औषध लागलं पाहिजे आणि घर धुऊनपुसून निघालं पाहिजे. नाहीतर ती मैत्रिणीकडे उतरेल, आईबाबांनी तिकडे येऊन नातवाला बघून जावं.

"मैत्रिणीकडे?" काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला. पलंगाला लावून ठेवलेल्या छोट्या गादीवर त्यांनी कालच नवी चादर घातली होती.

"हात्तिच्या, त्यात काय एवढं," काका म्हणाले. "आज औषध आणतो, आज लावतो."

मांजर तेव्हा फ्रिजवर बसून हे सगळं ऐकत होतं.

या मांजराची ओळख करून द्यायलाच हवी. मांजर म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून आपणही घरातल्यासारखं हेडबाईच म्हणू. अंग राखाडी, गळा पांढराशुभ्र, आणि समोर येणाऱ्या माणसाकडे बघण्याची अशी तऱ्हा की मोठमोठ्या माणसांना आपला गृहपाठ राहिलाय असं वाटावं. एका दुपारी त्या स्वतःहून जिना चढून आल्या आणि राहिल्या. राहण्याच्या अटी त्यांनीच घातल्या. उचलायचं नाही, कुरवाळायचं नाही, पोटाला तर हात लावायचाच नाही. काकूंना हनुवटीखाली दोन बोटांनी खाजवायची परवानगी होती, तीही त्यांचं मन असेल तेव्हा. काकांना कसलीच परवानगी नव्हती. काका त्यांना 'तुझं मांजर' म्हणत आणि लांबूनच जात. दोघांचं बरं चाललं होतं.

काकांचं केस कापायचं दुकान खाली आणि घर वर, मधे आतून एक जिना, बाहेरून दुसरा. त्यांचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. लहान पोरांनी त्यांना कात्रीकाका म्हणायला सुरुवात केली आणि पुढे त्या पोरांचे बापही तेच म्हणायला लागले. दुकानाची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. काकांच्या खुर्चीत कुणी हलत नसे. दारातच भोकाड पसरणारं पोर असो की वस्तरा बघून घाम फुटणारा गडी असो, काका घाई करत नसत. खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकायची, पोराला वर बसवायचं, आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू करायच्या. आधी कात्री नुसतीच हवेत चालवायची, पोराच्या कानाला सवय होऊ द्यायची. मग कधी पहिला केस कापला ते पोराला कळतही नसे. शेवटी वरच्या खिशातला मऊ ब्रश काढून मानेवरून फिरवायचा, पावडरचा हात मारायचा, खांद्यावरच्या टॉवेलने पुसून घ्यायचं आणि हातआरसा मागे धरून मान दाखवायची. एवढं झालं की गिऱ्हाईक 'छान' म्हणणार म्हणजे म्हणणार. हे काकांनी इतकी वर्षं केलं होतं की ते करताना त्यांना स्वतःलाही कळत नसे.

ती फळी काकांनी गेल्याच आठवड्यात पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केली होती. नातवाचे पहिले केस आपल्या हातून कापायचे, असा त्यांचा बेत होता. कुणाला सांगितला नव्हता, पण काकूंना माहीत होता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी छोटीशी नळी दिली. नळीचं टोक मोडायचं, केस बाजूला करायचे आणि मानेमागे थेट कातडीवर सगळं औषध सोडायचं. मानेमागेच का, तर तिथे मांजराला चाटता येत नाही.

"मानेमागे?" काकांना हसूच आलं. "डॉक्टर, माझा जन्म गेलाय लोकांच्या मानेमागे."

डॉक्टरीणबाईंनी एकदा काकांकडे आणि एकदा काकूंकडे पाहिलं. मांजर हात लावू देतं का, असं विचारलं. काकू काही बोलणार, तोच काकांनी देतं म्हणून सांगून टाकलं. वाटलं तर इकडे घेऊन या, आम्ही लावून देऊ, असंही त्या म्हणाल्या. पण कात्रीकाकांनी एक मान दुसऱ्याकडून करून घ्यायची म्हणजे गावभर शोभा झाली असती. काका निघाले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. औषध टाकलं की हात लावायचा नाही. धुवायचं नाही, पुसायचं नाही. तसंच वाळू द्यायचं."

काकांनी मान डोलावली. तोपर्यंत त्यांचं अर्धं लक्ष दुकानाकडे लागलं होतं.

दुपारी खुर्चीत बसचा ड्रायव्हर बसला होता. ड्युटीवर जायच्या आधी दाढी करून घ्यावी म्हणून आलेला. काकांनी त्याचा डावा गाल करून दिला, उजव्या गालाला फेस लावला, आणि वरून काकूंची दबकी हाक आली की हेडबाई झोपल्यात, आत्ताच या. काका ड्रायव्हरला म्हणाले, दोन मिनिटांत आलो, आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर घालायचं स्वच्छ कापड हातात घेऊन जिना चढून गेले.

हेडबाई खुर्चीच्या उशीवर गाढ झोपल्या होत्या. काकांनी सगळं रीतीने केलं. आधी हवापाण्याबद्दल दोन वाक्यं बोलले, मग कापड झटकलं. नेहमीच्या झोकात ते हेडबाईंच्या अंगावरून सोडलं आणि गळ्याशी चिमटा लावायला वाकले. चिमटा हातातच राहिला. कापडाच्या आत काहीतरी एकदम उभं राहिलं, गर्रकन फिरलं, आणि कापड खुर्चीवरून उडी मारून पळालं. काका मागे, काकू त्यांच्या मागे. कापड टेबलाखालून गेलं, पडद्यावर चढलं, पडद्याचा दांडा घेऊन खाली आलं आणि जिन्यावरून गडगडत दुकानात उतरलं.

खाली ड्रायव्हर डोळे मिटून बसला होता. पायांवरून काहीतरी गेलं म्हणून त्याने डोळे उघडले, तर एक पांढरं कापड आपलं आपण आरशासमोरच्या फळीवर चढत होतं. त्या कापडाने पावडरचा डबा पाडला, कंगव्यांचा ग्लास पाडला, आणि वर तोंड करून असा काही आवाज काढला की ड्रायव्हर खुर्चीत उभा राहिला. काकांच्या खुर्चीत हललेला तो पहिला माणूस. कापडातून हेडबाई बाहेर आल्या, सगळ्यांकडे एकेक नजर टाकली आणि आल्या तशा जिना चढून गेल्या. नशीब एवढंच की नळी काकांच्या खिशातच होती आणि तिचं टोक अजून मोडलेलं नव्हतं.

काका ड्रायव्हरला म्हणाले, बस, उरलेली दाढी करून देतो. पण उघड्या वस्तऱ्याकडे एकदा बघून तो म्हणाला, "राहू दे काका. उद्या येतो." तोंड पुसलं आणि तसाच ड्युटीवर गेला. अर्ध्या दाढीचा ड्रायव्हर बघून चढणारा प्रत्येक उतारू विचारणारच. त्यालाही दिवसभर दुसरं काही बोलायला नव्हतं. संध्याकाळपर्यंत बस जिथे जिथे जात होती तिथे तिथे कात्रीकाकांच्या मांजराची बातमी पोचली.

शुक्रवारी दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. केस कापायचे होते मोजक्यांचे, बाकीचे सल्ला द्यायला आले होते. शेजारचा बेकरीवाला म्हणाला, टॉवेलात घट्ट गुंडाळायचं, आम्ही रोल करतो तसं. शिंपी म्हणाला, उशीच्या खोळीत घाला, डोकं तेवढं बाहेर. एक पेन्शनर गृहस्थ म्हणाले की मांजराला आधी विश्वासात घ्यायला हवं, पण ते कसं ते त्यांना सांगता येईना. काकांनी हसून सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधे वर जाऊन एकेक करून बघितलं. टॉवेलाचा रोल झाला, पण त्यात काकांचा हात राहिला आणि हेडबाई बाहेर. खोळीत हेडबाई गेल्या, आणि खोळीच्या दुसऱ्या बाजूने निघाल्या. तिथे आधी भोक नव्हतं.

संध्याकाळी काकांच्या दोन्ही हातांवर पट्ट्या होत्या. दाढीला आलेल्या एका माणसाने त्या पट्ट्या पाहिल्या आणि आज फक्त केसच कापा म्हणून सांगितलं. काका जेवताना ताटापेक्षा फोनकडेच बघत होते. त्यांना हातांचं दुःख नव्हतं. मघाशी लेकीचा मेसेज आला होता. औषध लावलं का, एवढंच विचारलं होतं, आणि खाली नातवाचा फोटो होता.

"अहो, तुम्ही तिला गिऱ्हाईक समजता तिथेच चुकतं," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाईक आपण होऊन खुर्चीत बसतं. ती बसलीय का?"

काकांना ते पटलं, पण पटल्याचं त्यांनी दाखवलं नाही. फक्त म्हणाले, उद्या तू पुढून, मी मागून.

शनिवारी दुपारी दुकान बंद ठेवून दोघं कामाला लागली. काकू दुकानात बुटक्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी हेडबाईंपुढे खाण्याची बशी ठेवली. हेडबाईंनी बशी चाटूनपुसून स्वच्छ केली, तोंड धुतलं, आणि मन झालं तशा काकूंजवळ येऊन हनुवटी वर केली. काकूंची दोन बोटं चालू झाली. हेडबाईंचे डोळे मिटले. काका मागून गुडघ्यांवर चालत आले. नळी त्यांनी मुठीत धरून कोमट करून घेतली होती, थंडगार काही मानेवर पडलं की कुणीही दचकतं हे त्यांना ठाऊक होतं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी मानेवरचे केस दोन्हीकडे केले. इतका सरळ भांग त्या शहरात दुसऱ्या कुणाला पाडता आला नसता. गुलाबी कातडी दिसली. नळीचं टोक मोडलं, आणि सगळं औषध टप टप करून बरोब्बर जागेवर पडलं. हेडबाईंना कळलंसुद्धा नाही.

काकूंनी डोळ्यांनीच शाबासकी दिली. काकांना आकाश ठेंगणं झालं. एका श्वासापुरतं सगळं कसं छान झालं होतं, आणि त्याच श्वासात काकांचा उजवा हात वरच्या खिशाकडे गेला. ब्रश बाहेर आला. मानेवरून दोनदा फिरला. पावडरचा हात बसला. खांद्यावरचा टॉवेल खाली आला आणि मान कशी स्वच्छ, कोरडी, लख्ख पुसून निघाली. काकू तोंड उघडून बघत राहिल्या. त्यांच्या तोंडातून शब्द फुटेपर्यंत काकांनी भिंतीवरचा हातआरसा काढून हेडबाईंच्या मागे धरला आणि थोडं वाकून, हसून, त्यांच्याकडे पाहिलं.

हेडबाईंनी मागे वळून बघितलं. आरशात त्यांना एक अनोळखी मांजर दिसलं, मानेवर पावडर लावलेलं. पुढे काय झालं ते सांगायला नको. त्या निघाल्या त्या जिना चढून वर घरातल्या कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसल्या, पार भिंतीला लागून, हात पोचणार नाही अशा जागी.

"अहो," काकू अगदी हळू म्हणाल्या, "हे काय केलंत?"

काकांनी हातातल्या टॉवेलाकडे पाहिलं. त्यावर एक ओला डाग होता. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो शेजाऱ्यांचा होता.

टॉवेल पिशवीत घालून काका डॉक्टरीणबाईंकडे गेले. दवाखाना बंद करायची वेळ झाली होती. काकांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं, आरशासकट. डॉक्टरीणबाईंनी ऐकता ऐकता दोनदा खोकल्यासारखं करून तोंडावर हात धरला. टॉवेल उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या की औषध सगळं इथेच आहे, मांजराच्या अंगावर काही राहिलेलं दिसत नाही. आज तिला त्रास देऊ नका, उद्या सकाळी दुसरी नळी लावा. इकडेच घेऊन येऊ का, असं आता काकांनी स्वतः विचारलं. पण उद्या रविवार, दवाखाना बंद, आणि त्या पहाटेच बाहेरगावी निघणार होत्या. नाहीतरी कपाटावरून हेडबाईंना कोण उतरवणार होतं? नळी देताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. औषध वाळेपर्यंत बाळाला मांजराजवळ जाऊ द्यायचं नाही. आणि या वेळी तरी पुसायचं नाही.

रविवारी सकाळी काकूंनी घर डोक्यावर घेतलं. गाद्या उन्हात, चादरी दोरीवर, उशा गॅलरीत, आणि सगळ्या फरश्यांवर पाणी. हेडबाईंची आवडती उशी तर कालच गरम पाण्यातून निघाली होती. काकू कामाचा नुसता सपाटा लावून होत्या, पण नवऱ्याशी बोलत नव्हत्या. त्यांना राग आला असता तर काकांनी सोसला असता. त्यांनी फक्त छोट्या गादीवरची नवी चादर काढली, घडी केली आणि कपाटात ठेवून दिली. कपाटाच्या वर हेडबाई होत्याच. चादर आत गेलेली बघून काका खाली दुकानात आले.

दुकान आज बंद होतं. काचेच्या दारातून ऊन थेट खुर्चीपर्यंत आलं होतं. खुर्चीवर फळी आडवी टाकलेली होती, फळीवर मऊ टॉवेलाची घडी. नातवासाठी म्हणून काकांनी काल दुपारी दुकान बंद करतानाच मांडून ठेवलेली. काका गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले आणि लेकीला फोनवर काय सांगायचं त्याची तयारी करू लागले.

"हे बघ बाळा," ते मोठ्याने म्हणाले. "मला जमलं नाही. तू आपली मैत्रिणीकडेच उतर. आम्ही येऊ तिकडे." मग हातावरच्या पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले, "मला वाटलं होतं मी सगळ्यांच्या माना सांभाळल्या, एक ही काय. तुझ्या आईला फार वाईट वाटलंय. आणि मलाही वाटलंय. मी त्याला एकदा पण घेतलेलं नाही गं."

बोलता बोलता त्यांची नजर आरशाकडे गेली. आरशात खुर्ची दिसत होती, खुर्चीवर फळी, आणि फळीवर हेडबाई.

वर कुठे म्हणून कोरडी, मऊ जागा उरली नव्हती. फरश्या ओल्या, उशी वाळत घातलेली, गाद्या बाहेर, आणि कपाटाच्या माथ्यावरून काकूंचा कुंचा फिरत होता. हेडबाई सगळीकडे बघून, चारही पंजे झटकत खाली आल्या होत्या आणि सगळ्या घरातली एकुलती एक कोरडी घडी शोधून तिच्यावर बसल्या होत्या. त्यांनी काकांकडे पाठ केली होती. ऊन मानेवर पडलं होतं.

काका उठले, पण बोलणं थांबवलं नाही. दुकानात बोलणं थांबलं की खुर्चीतला माणूस सावध होतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते हेडबाईंकडे बघतही नव्हते. आरशाकडे बघत, लेकीला सांगायचं तेच पुढे सांगत होते, फक्त आवाज खाली आला होता. ऊन छान पडलंय म्हणाले. प्रवासात बाळाला टोपी घाल म्हणाले. मग आरशासमोरच्या फळीवरची लहान कात्री उचलली आणि हवेत नुसतीच चालवली, चिक चिक चिक. हेडबाईंचा एक कान वळला आणि पुन्हा जागेवर गेला. कात्रीच्या त्या आवाजात पँटच्या खिशातली नळी कधी निघाली आणि तिचं टोक कधी मोडलं ते कळलं नाही. केस दोन्हीकडे झाले. औषध पडलं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत.

आणि काकांचा उजवा हात वरच्या खिशाकडे गेला.

खिसा रिकामा होता. हात खांद्यावर गेला. तिथे टॉवेल नव्हता. हात पावडरच्या डब्याच्या जागी गेला, डबा नव्हता. भिंतीवर गेला, तिथे नुसता खिळा होता. हात चारही ठिकाणी हिंडून आला आणि हवेत तसाच राहिला, आता काय करायचं ते त्याला कळेना.

"हात मागे ठेवा," जिन्यावरून काकू कुजबुजल्या.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. काकू शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या आणि त्यांच्या ओच्यात ब्रश, टॉवेल, पावडरचा डबा आणि आरसा असा सगळा ऐवज होता. काल रात्रीच त्यांनी तो जप्त केला होता. हेडबाईंनी आरशातून दोघांना नीट न्याहाळलं, एक जांभई दिली आणि टॉवेलाच्या घडीवर गोल होऊन झोपून गेल्या. काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग वर गेल्या, आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. छोटी चादर पुन्हा बाहेर निघत होती.

लेक दुपारी आली. दुकानाचं दार आणि आतल्या जिन्याचं दार दोन्ही लावलेली, काचेतून खुर्चीत झोपलेलं मांजर दिसत होतं. काकूंनी तिला बाहेरच्या जिन्यातच सगळी हकिगत सांगायला घेतली, आणि आरशापर्यंत येईतो लेक हसून हसून कठड्याला टेकली होती. काकांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त तिच्या कडेवरचं पोर दिसत होतं. कपाळ, कान आणि बाकीचंही सगळं. ते दोन्ही हात पसरून पुढे झाले.

नातवाने त्या हातांकडे, हातांवरच्या पट्ट्यांकडे आणि पट्ट्यांमागच्या माणसाकडे बघितलं आणि असा टाहो फोडला की खाली हेडबाईंनी एक डोळा उघडला असेल.

"बाबा, मनाला लावून घेऊ नका," लेक ओशाळून म्हणाली. "तो कुणाकडेच जात नाही. त्याला उचललेलं आवडत नाही. कुणी हात लावला की झालं."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी काकूंकडे पाहिलं. गेल्या चार दिवसांत दोघं पहिल्यांदाच एकदम हसली, आणि लेकीला काही कळेना की यात हसण्यासारखं काय आहे.

काकांनी हात खाली घेतले. पोराला खाली सोड म्हणाले. मग स्वतः स्वच्छ पुसलेल्या फरशीवर बसले, त्याच्याकडे पाठ करून, आणि खिडकीकडे बघत हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. ऊन कसं पडलंय. बसला गर्दी होती का. तो ड्रायव्हर अजून दाढी पुरी करायला आलाच नाही. मागे थोडा वेळ मुसमुसणं चाललं, मग ते थांबलं. मग फरशीवर तळहात आपटल्याचे आवाज आले, थोडा खंड, पुन्हा आवाज, जवळून. काकांनी वळून बघितलं नाही.

शर्टाला मागून ओढ बसली. दोन छोट्या मुठी पाठीवरून चढत खांद्यापर्यंत आल्या. कुणीतरी काकांच्या पाठीला धरून उभं राहिलं होतं, डुलत होतं, धापा टाकत होतं. मग एक ऊन, जड गाल त्यांच्या मानेवर येऊन टेकला, आणि मानेमागे, बरोब्बर केस संपतात तिथे, लाळेची एक लांब धार लागली.

"अगं बाई," म्हणत लेक रुमाल घेऊन पुढे धावली. "थांबा बाबा, पुसते."

काका तसूभरही हलले नाहीत.

"राहू दे," ते म्हणाले. "पुसायचं नाही. तसंच वाळू द्यायचं."